आठ आणे अलीकडे, आठ आणे पलीकडे

हात कमरेवर ठेवूनही ज्याचे कोपर शेजाऱ्याच्या हद्दीत कधी गेले नाही, एका विटेएवढी जागा ज्याला युगानुयुगे पुरली, त्या पांडुरंगाला आधी दंडवत असो. त्याच्या भक्तांविषयी मात्र असे काही म्हणण्याची सोय नाही. भक्तांना वीट पुरत नाही. त्यांना पार्किंग लागते, पार्किंगवर हिरवळ लागते, आणि हिरवळीपलीकडे जे जे नजरेला पडेल तेही आपल्याच नावावर असावे असे त्यांना आतून वाटते.

ही कथा बाबुराव रोकडे यांची. ते पांडुरंगाचे भक्त नव्हेत. विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत बुद्धाची मूर्ती आहे आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि दारात आलेल्या माणसाला ते जय भीम म्हणतात. पण आपल्या जागेवर ठाम उभे राहावे आणि दुसऱ्याच्या जागेत बोटभर सरकू नये, हे विटेवरचे मर्म बाबुरावांना जेवढे कळले तेवढे गळ्यात माळ घालून लिफ्टने बाराव्या मजल्यावर जाणाऱ्यांना कळले असते, तर ही कथा सांगण्याची वेळच आली नसती.

बाबुराव मोजणीखात्यात भूकरमापक होते. चौतीस वर्षे त्यांनी ठाणे, कल्याण आणि मुरबाड तालुक्यांतल्या जमिनी मोजल्या. त्यांची साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, आणि त्या भागांना आणे म्हणायचे. म्हणजे आठ आणे झाले की अर्धी साखळी भरली. पुढे यंत्रे आली तेव्हा खात्याने ती साखळी भंगारात काढली, आणि बाबुरावांनी ती भंगारातून उचलून घरी आणली. त्यांच्या पत्नी रमाबाई तिला सवत म्हणतात. दर महिन्याला तिला तेल लागते, असे तेल आपल्या गुडघ्यांना कधी लागले नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे जुनेच आहे.

मोजणीच्या दिवसासाठी बाबुरावांचा एक नियम होता. अलीकडच्याचे अन्न घ्यायचे नाही आणि पलीकडच्याचे पाणी प्यायचे नाही. शेवटचा दगड रोवून त्याच्याभोवतीची माती पायाने दाबेपर्यंत कोणाच्या घरचा चहासुद्धा नाही. डब्यात भाकरी, खांद्याला पाण्याची बाटली, जेवण झाडाखाली. लोक आग्रह करीत, हे नियम सांगत. नियम सांगितला की दुसरे काही सांगावे लागत नसे. त्या काळी कोणत्या ओसरीवर त्यांना पेला मिळाला असता आणि कोणत्या ओसरीवर ओंजळ धरायला सांगून वरून धार सोडली गेली असती, याची परीक्षा त्यांनी कधी घेतलीच नाही. नियमाने त्यांची लाचेपासून राखण केली, आणि आणखीही कशापासून केली. ते त्यांनी कोणाला बोलून दाखवले नाही.

अशा माणसाला खात्यात मान असतो. निवृत्तीनंतरही नव्या भूकरमापकांच्या प्रशिक्षणात दर वर्षी एक तास बाबुरावांचा असे. स्वच्छ सदरा घालून ते उभे राहत आणि मुलांना सांगत, की यंत्र चुकले तर दुरुस्त करता येते, सही चुकली तर जमीन पिढ्यान्‌पिढ्या चुकते. मुले लिहून घेत. घरी परतताना मात्र बाबुरावांचा चेहरा उतरलेला असे, आणि त्याचे कारण बाळकुमला होते.

बाळकुम आता गाव राहिलेले नाही. गावाच्या नावाने चालणारी ती मोठमोठ्या इमारतींची रांग आहे. पण त्या इमारतींच्या मागे जुनी वस्ती आहे, आणि वस्तीतून खाडीकडे जाणारी मुरमाची एक उंच वाट आहे. पूर्वी मिठागरावर जायची ती हीच. वाटेच्या बरोबर मधोमध अकरा साग ओळीने उभे आहेत. मिठागराच्या कोण्या जुन्या मालकाने ते लावले. आता दोघांच्या कवेत मावणार नाहीत एवढे एकेकाचे खोड झाले आहे. माघात पाने गळतात, आणि त्यांच्यावरून चालताना मोठे पापड मोडल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजात रोज सकाळी हौसाबाई म्हात्रे पाटी घेऊन खाडीवर जातात, कोलंबी आणि निवट्या घेऊन परततात, आणि वस्तीतल्या दहा-बारा चुली त्यांच्यामागून तीच वाट चालतात.

सन एकोणनव्वदच्या चैत्रात बाबुरावांनी ही वाट मोजली. जमिनींचे व्यवहार सुरू झाले होते, आणि वाट कोणाच्या घशात जाऊ नये म्हणून वस्तीने मोजणी मागितली होती. सागांच्या रांगेपासून आठ आणे अलीकडे, आठ आणे पलीकडे, अशी पुरी साखळीभर रुंद वाट त्यांनी कागदावर आखली. चार कोपऱ्यांना डोक्यावर फुली कोरलेले चार दगड रोवायचे होते. रस्त्याकडचे दोन रोवून झाले. उरलेले दोन घेऊन खाडीकडे निघालेला टेंपो भरतीच्या चिखलात रुतला, आणि दिवस कलला. दुसऱ्या दिवशी बाबुरावांची बदली मुरबाडला व्हायची होती.

तेव्हा त्यांनी एक केले. जुने भूकरमापक करीत तसे केले. जवळच्या झोपडीतल्या तरुण बाईकडे चुलीतला कोळसा मागितला. ती हौसाबाई. तिने कमरेवर हात ठेवून विचारले, "कोलसा कला पायजे रं? दगूड संपलं सरकारचं?" बाबुरावांनी समजावले की कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, पुरून ठेवला की शंभर वर्षांनीही जागेवर सापडतो. तिने दोन फुटकी मडकी भरून दिली. दोन कोपऱ्यांत दोन मडकी पुरली गेली. मग तिने पाणी विचारले. दगड रोवल्याशिवाय पाणी घेत नाही, असे बाबुराव म्हणाले. तिचे तोंड आक्रसले ते त्यांनी पाहिले.

पुढच्या आठवड्यात येऊन दगड रोवू, असे त्यांनी मनाशी ठरवले. पण छापील नमुन्यात एक ओळ होती, की हद्दीच्या चारही निशाण्या कायम केल्या. ती ओळ कोरी ठेवली असती तर कागद परत आला असता आणि वाटेची मोजणी रखडली असती. बाबुरावांनी खाली सही केली. पुढचा आठवडा कधी आला नाही. पस्तीस वर्षे आली आणि गेली.

आता त्या वाटेच्या दोन्ही अंगांना कोण नांदते ते ऐकावे. अलीकडे श्रीनिकुंज. पलीकडे एमराल्ड क्रेस्ट. श्रीनिकुंजचे अध्यक्ष श्रीपादराव देवस्थळी, बँकेतून निवृत्त, बोलणे शुद्ध तुपातले, कपाळावर अष्टगंध. क्रेस्टच्या सचिव हेमांगी सबनीस, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, दोन फोन आणि एक मत. या दोघांमध्ये सागांची रांग. तीन वर्षांपूर्वी वादळात एका सागाची फांदी मोटारीवर पडली, तेव्हा दोन्ही सोसायट्यांनी एकाच दिवशी पत्रे लिहिली, की सदर पट्टा आमचा नाही, कधीही नव्हता आणि असण्याचे कारण नाही. पत्रे इतकी सारखी होती की एकाने दुसऱ्याची उतरवून घेतली असे कोणी म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते.

गेल्या वर्षी कल्याणहून एक लाकडाच्या वखारीचा मालक कोणाकडे तरी पूजेला आला. खिडकीतून त्याला साग दिसले. त्याने चहाचा कप खाली ठेवला, खाली उतरून खोडांना वीत लावली, आणि परत वर येऊन हलक्या आवाजात त्यांची किंमत सांगितली. त्या क्षणी दोन्ही सोसायट्यांच्या पूर्वजांनी तो पट्टा अनादी काळापासून कसला आणि सांभाळला असल्याचे सिद्ध झाले. श्रीनिकुंजला आवारातल्या देवळाच्या गाभाऱ्याला सागाचा दरवाजा हवा होता. क्रेस्टला क्लबहाऊसमध्ये सागाची जमीन हवी होती. एकाला देवासाठी, दुसऱ्याला नाचासाठी. झाडाला मात्र दोघेही एकाच करवतीने भेटणार होते.

मग सीमेवर ताण सुरू झाला. वाटेच्या कडेला दोन्हीकडून एकेक प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत एकेक पहारेकरी बसला. क्रेस्टने चुन्याची रेघ ओढली. श्रीनिकुंजने तिच्यापुढे तीन हात दुसरी ओढली. पहाटे श्रीनिकुंजचा योगवर्ग पट्ट्यात येऊन शवासन करी, म्हणजे जागेवर कब्जा दिसावा. संध्याकाळी क्रेस्टची मुले तिथे सायकली फिरवत, म्हणजे वहिवाट दिसावी. हौसाबाई शवासनातल्या मंडळींना ओलांडून जात. मासळीच्या पाटीतले दोन थेंब कोणाच्या तरी कपाळावर पडत, आणि त्या दिवशीच्या योगवर्गाची समाधी लवकर मोडे. दोन्ही पहारेकरी बुलढाण्याकडच्या एकाच गावचे निघाले. शत्रुराष्ट्रांच्या त्या शिपायांनी पहिल्याच आठवड्यात तंबाखूची एक चंची केली.

झाडे तोडायला परवानगी लागते, आणि परवानगीला जागा आपली असल्याचा कागद लागतो. कागद कोणाकडेच नव्हता. तेव्हा एके दिवशी मधल्या, सगळ्यांत जाड सहाव्या सागाची साल बुंध्याशी चहूकडून हातभर सोललेली आढळली. झाड वाळले की ते धोकादायक ठरते, आणि धोकादायक झाडाला परवानगी लवकर मिळते. हे कोणी केले ते कळले नाही. दोन्ही सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर दुसऱ्याचा निषेध झाला, आणि दोन्हीकडे त्याच संध्याकाळी वाळलेल्या सागाचे भाव विचारले गेले.

शेवटी तह झाला. पाच झाडे तुम्ही घ्या, पाच आम्ही घेतो, आणि संयुक्त अर्ज करू. पण सहावे? जगातल्या सगळ्या तहांत एक सहावे झाड असते. श्रीपादरावांनी ते ईश्वरार्पण मागितले. हेमांगीताईंनी ईश्वराने ईमेल करावा असे सुचवले. तह तिथेच अडला आणि दोघांनी मिळून सरकारी मोजणी मागवली.

मोजणीला ऋजुता पवार आली. सव्वीस वर्षांची, कामाला चोख. तिच्या यंत्राला आकाशातले उपग्रह दिसत होते, पण जमिनीतली खूण दिसत नव्हती. आणि खूण ठाऊक नसेल तर यंत्राने मोजायचे कुठून? खात्यातला मूळ कागद घडीवर विरला होता. रेघा अर्ध्या पुसलेल्या, शेऱ्याचा रकाना फाटलेला. शाबूत होती ती तळाची एक ओळ, की चारही निशाण्या कायम केल्या, आणि तिच्याखालची सही. ऋजुताने सही ओळखली. हे हस्ताक्षर तिने फळ्यावर पाहिले होते. तिने मोठ्या आनंदाने विठ्ठलवाडीला फोन लावला, की सर, तुमचीच मोजणी आहे, आता चिंता नाही. दगड नेमके कुठे होते तेवढे येऊन दाखवा.

फोन ठेवून बाबुराव खाटेवर बसले. रमाबाई मेथी निवडत होत्या. त्यांना सगळे ठाऊक होते. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षे झालेल्या बायकोपासून एक खोटी सही किती दिवस लपणार? बाबुराव म्हणाले, की दगड होते आणि चोरीला गेले असे सांगितले तर कोणी शंका घेणार नाही. त्यांची सही आहे, त्यांचे नाव आहे. पण मग खूण गेली, आणि खूण गेली की वाट गेली; मधली रेघ धरून दोन्ही सोसायट्या ती अर्धी अर्धी वाटून घेतील, आणि हौसाबाईला खाडी राहणार नाही. खरे सांगितले तर कोळसा निघेल, वाट राहील आणि रोकड्यांची सही जाईल, तीही ज्या मुलीला सहीचा धडा दिला तिच्यासमोर.

रमाबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "अहो, दर वर्षी त्या पोरांपुढे बोलून आला की दोन दिवस जेवत नाही तुम्ही. मी काय आंधळी आहे? जा, आणि एकदाचे पोटभर जेवा."

त्यांनी डब्यात भाकरी दिली. साखळीची पिशवीही त्यांनीच खुंटीवरून काढून दिली. सवतीवर एवढा उपकार त्यांनी पहिल्यांदाच केला.

मोजणीच्या दिवशी श्रीपादराव फाटकावर स्वतः सामोरे आले. बाबुरावांना त्यांनी हाताला धरून आधी देवळात नेले. म्हणाले, आमच्याकडे कार्याची सुरुवात दर्शनाने होते. देवळाच्या गाभाऱ्यात एका चौथऱ्यावर शेंदूर माखलेला एक उभट दगड होता. श्रीपादरावांनी डोळे मिटून सांगितले, की पाया खणताना हा आपणहून वर आला, स्वयंभू आहे, नवसाला पावतो, याच्यासाठीच तर सागाचा दरवाजा. बाबुराव वाकले. डोक्यावर शेंदराचा थर होता, पण त्याखाली छिन्नीने कोरलेली फुली त्यांच्या बोटांना लागली. त्यांनी हात मागे घेतला. मग ताटात शिरा आला, वर तुळशीचे पान. प्रसाद नाकारायचा कसा, अशा नजरेने श्रीपादराव बघत राहिले.

देवाच्या नावाने साक्षीदार गोड करून घेणारी भक्ती या भूमीवर पुष्कळ आहे. तिच्या घंटा मोठ्या, तिचे ताट चांदीचे आणि तिचा देव बिचारा शिऱ्याखाली गुदमरलेला. बाबुरावांनी ताटाला हात जोडले आणि मोजणी व्हायची आहे असे सांगितले. पलीकडे हेमांगीताईंनी थंड कॉफी धरली होती. तिलाही त्यांनी तेच सांगितले. क्रेस्टमध्ये त्याला ॲटिट्यूड म्हणाले आणि श्रीनिकुंजमध्ये पाखंड म्हणाले. दोन्ही सोसायट्यांचे एवढे एकमत त्याआधी कधी झाले नव्हते.

सागांच्या रांगेत सगळे जमले. एकीकडे श्रीपादराव आणि योगवर्ग, दुसरीकडे हेमांगीताई आणि त्यांचे दोन फोन, मध्ये यंत्र घेऊन ऋजुता. हौसाबाई पाटी खाली ठेवून अकराव्या झाडाला टेकल्या होत्या. सहाव्या झाडाजवळ बाबुराव थांबले. सोललेल्या बुंध्यावरून त्यांनी हात फिरवला, तो ओला लागला. मग ऋजुताने पेन उघडले आणि विचारले, की सर, चार दगड कुठे कुठे रोवले होते?

"चार दगड रोवले असं लिहिलंय, आणि खाली माझी सही आहे," बाबुराव म्हणाले. "मी दोनच रोवले. खाडीकडचे दोन रोवले नाहीत."

ऋजुताचे पेन थांबले. तिने वर पाहिले, आणि त्या नजरेसाठीच बाबुराव पस्तीस वर्षे घाबरत होते. ती नजर त्यांनी चुकवली नाही.

ते पुढे म्हणाले, "रोवलेल्या दोनांपैकी क्रेस्टच्या फाटकाखाली एक गेला असावा. दुसरा श्रीपादरावांच्या देवळात आहे. तो स्वयंभू नाही. मी टेंपोतून आणला होता."

योगवर्गात कोणाला तरी खोकला लागला. दोन्ही पहारेकऱ्यांनी एकमेकांकडे न पाहण्याचा मोठा प्रयत्न केला. श्रीपादरावांचा शुद्ध तुपातला आवाज पहिल्यांदाच करपला. ते म्हणाले, की हा आमच्या श्रद्धेचा अपमान आहे, आणि ज्याने स्वतः खोटे लिहिल्याचे कबूल केले त्याचे बाकीचे तरी खरे का धरावे? हेमांगीताईंनी शत्रूच्या या मुद्द्याला तत्काळ पाठिंबा दिला.

"काका, नो ऑफेन्स," त्या म्हणाल्या, "पण मग तुमच्या सहीला काही व्हॅल्यूच राहत नाही ना."

"सहीला नाही राहिली," बाबुराव म्हणाले. "कोळशाला आहे."

मग त्यांनी पिशवीतून साखळी काढली. अकराव्या सागाच्या बुंध्याशी एक टोक ऋजुताच्या हातात दिले, आणि कड्यांची ती जुनी खुळखुळ जमिनीवरून सरकत श्रीनिकुंजच्या बाजूला गेली. एक आणा, दोन आणे, चार, सहा, आठ. तिथे त्यांनी टाच रोवली आणि खणायला सांगितले. टाच श्रीनिकुंजच्या गुलाबाच्या वाफ्यात होती.

दोन्ही पहारेकऱ्यांनी मिळून खणले. हातभर गेले, काही नाही. दोन हात गेले, फरशांचे तुकडे निघाले, पिशव्या निघाल्या, बिल्डरने टाकलेला भराव निघाला. काळ्या मातीचा पत्ता नाही. श्रीपादराव घड्याळ पाहू लागले. हेमांगीताई म्हणाल्या, की एनफ. बाबुराव खड्ड्यात वाकून पाहू लागले. सही गेली होती. आता कोळसाही गेला असेल तर या वयात सगळ्यांसमोर केलेली कबुली फुकट गेली, आणि वाटही गेली.

तेवढ्यात हौसाबाई खड्ड्याच्या काठाशी आल्या.

"अजून खाली जावा रं," त्या पहारेकऱ्यांना म्हणाल्या. "ही माती आमची नाय. आमची माती काली हाय. यांनी वरशी आपला कचरा वतलाय."

पहारेकरी आणखी हातभर उतरले. फावडे मऊ लागले. खाडीचा काळा गाळ आला, त्याचा वास आला, आणि मग खापरीचा एक तुकडा निघाला. त्याच्यामागून पस्तीस वर्षांपूर्वीच्या चुलीतला कोळसा निघाला, काल विझल्यासारखा, बोटाला काळा लागणारा. हौसाबाईंनी एक खडा उचलून पदराला पुसला. "माजाच हाय," त्या म्हणाल्या. "बाभलीचा. तवा आमी बाभलच जालायचो."

दुसरे मडके क्रेस्टच्या जॉगिंगच्या धावपट्टीखाली, तिच्या कडेपासून सव्वातीन फूट आत सापडले. म्हणजे दोघेही वाटेत शिरले होते. अकरा साग मधोमध होते, वाट साखळीभर रुंद होती, आणि सहावे झाड कोणाचे या प्रश्नाचे उत्तर पहिल्या आणि अकराव्या झाडाचे होते तेच होते: दोघांचेही नाही. ऋजुताने यंत्र कोळशावर उभे केले आणि आकडे घेतले. पंचनामा लिहिताना दोन्ही सोसायट्यांनी सह्या करायला नकार दिला. खोटी सही पाहून एवढी चीड आलेल्या लोकांना खरी सही करता येऊ नये, हे पांडुरंगाच्या लक्षात आले असेलच. तो हात कमरेवर ठेवून सगळे बघतच असतो.

शेवटी ऋजुताने बाबुरावांचा जबाब घेतला. "सर, हे लिहावं लागेल," ती हळूच म्हणाली. त्यांनी कागद तिच्या हातातून घेतला आणि वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिले, की सन एकोणनव्वद साली चार दगड रोवल्याचे मी लिहिले ते खरे नव्हते. खाली सही केली.

झाडे तोडायची परवानगी नाकारली गेली. वखारवाला दुसऱ्या कोणाच्या पूजेला गेला. सहाव्या सागाच्या बुंध्याला वस्तीतल्या बायकांनी शेण आणि चिकणमातीचा लेप देऊन गोणपाट बांधले आहे. ते जगेल की नाही हे पुढच्या पालवीला कळेल. त्या वर्षी प्रशिक्षणाच्या तासाला बाबुरावांना बोलावणे आले नाही. खात्याचे ठपक्याचे एक पत्र मात्र आले. ते त्यांनी साखळीच्या पिशवीत ठेवले आहे. श्रीनिकुंजचा स्वयंभू अजून चौथऱ्यावर आहे. श्रीपादरावांनी तो परत द्यायला नकार दिला, तेव्हा ऋजुताने त्याच्या जागी नवा दगड मागवला आणि हसू गिळून शेऱ्यात लिहिले, की जुनी निशाणी पूजेत.

महिनाभराने चार दगड आले. या वेळी टेंपो कुठे रुतला नाही. रोवायच्या दिवशी बाबुराव विठ्ठलवाडीहून रिक्षा बदलत बदलत आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. तीन दगड पहारेकऱ्यांनी आणि वस्तीतल्या माणसांनी रोवले. खाडीकडचा शेवटचा, गुलाबाच्या वाफ्यातला, बाबुरावांनी स्वतः उभा धरला. भोवती माती लोटली गेली. त्यांनी चप्पल काढली आणि अनवाण्या पायाने ती चारी बाजूंनी दाबली, एकदा, दोनदा, आणि मग खूप वेळ.

हौसाबाई पाटी घेऊन बाजूला उभ्या होत्या.

"हौसाबाई," बाबुराव म्हणाले, "मोजणी झाली. पाणी द्या."

त्या झोपडीकडे गेल्या आणि स्टीलचा पेला भरून आल्या. पेला त्यांनी त्यांच्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही.

"तवा नाय घेतलास," त्या म्हणाल्या. "तुला वाटलं मी वरशी धार वतीन?"

पेला तोंडाला लावून बाबुरावांनी सगळे पाणी पिऊन टाकले, आणि आणखी मागितले.